हावर्थ ते टॉप विदन्स : ब्राँटेंच्या माळावर एक दिवस कसा घालवावा

आधी उच्चार, कारण तिकीट काढताना तेच आडवे येतात. सगळ्यात जवळच्या मोठ्या स्टेशनाचं स्पेलिंग (Keighley) पाहून बहुतेक जण ‘केली’ किंवा ‘किघली’ म्हणतात. खरा उच्चार ‘कीथली’. गावाचं नाव ‘हेवर्थ’ नाही, ‘हाउ-अर्थ’. पटकन म्हटलं की हावर्थ. आणि जिथवर चालत जायचं त्या पडक्या घराचं नाव टॉप विदन्स.

हावर्थ हे इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमधलं, ब्रॅडफर्डच्या पश्चिमेचं डोंगरउतारावरचं गाव. १८२० साली पॅट्रिक ब्राँटे इथल्या चर्चचे पाद्री होऊन बायको आणि सहा मुलांसह इथे आले. पुढच्या वर्षी बायको गेली, १८२५ मध्ये मोठ्या दोन मुली गेल्या. उरलेल्या चौघांपैकी शार्लट, एमिली आणि ॲन यांनी पाद्र्यासाठीच्या इथल्या घरात, म्हणजे पार्सनेजमध्ये बसून लिहिलं. शार्लटचं ‘जेन एअर’, एमिलीचं ‘वुदरिंग हाइट्स’ आणि ॲनचं ‘ॲग्नेस ग्रे’ ही तिन्ही पुस्तकं १८४७ मध्ये, बेल या पुरुषी टोपणनावांखाली बाहेर आली. वाचकांची रीघ लागते ती यामुळे.

पण घर आणि म्युझियम पाहून परत फिरलात तर अर्धंच पाहिलंत. घराच्या मागून सुरू होणारा माळ, इंग्रजीत मूर, चालायला हवा, आणि तो ओला असताना कसा चालायचा हे आधी कळायला हवं. अंतर फारसं नाही. अडचण होते ती पाण्याची.

मूर म्हणजे काय

या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. माळरान म्हणावं तर सोलापूरकडचं कोरडं, कुसळी गवताचं रान डोळ्यांसमोर येतं. कोकणातला सडा जास्त जवळचा: उघडा, सपाट, वाऱ्याचा, झाड न वाढू देणारा. आता त्या सड्यावरचा जांभा काढा आणि त्या जागी काळा, मऊ, पाण्याने फुगलेला स्पंज अंथरा. हा स्पंज म्हणजे पीट. थंडी आणि सतत पाणी यामुळे शेवाळ आणि गवत नीट कुजत नाही, आम्लधर्मी होत जातं आणि हजारो वर्षं थरावर थर साचतो. खाली खडक आहे तो मिलस्टोन ग्रिट, म्हणजे चक्क जात्याचा दगड. याच्या जात्याच्या तळ्या काढत. गावातली काळी घरं त्याचीच. दगड मूळचा पिवळसर, काळा केला तो गिरण्यांच्या धुराने.

पीटची मेख अशी की वरून तो कोरडा दिसतो. वर हेदरची खुरटी झुडपं, बाजूला गवत, आणि मध्येच एक चमकदार हिरवा तुकडा, गालिच्यासारखा. दमलेल्या माणसाला तिथेच पाय ठेवावासा वाटतो आणि तिथेच गुडघ्यापर्यंत जातो. नियम सोपा आहे: जितकं हिरवंगार, तितकं खोल. मे-जूनमध्ये कापसासारखे पांढरे झुपके डोलताना दिसले तर ते कॉटन-ग्रास, म्हणजे खाली पाणी. तपकिरी, काटकुळं हेदर असेल तिथली जमीन तुलनेने घट्ट.

हा स्पंज कधीकधी फुटतोही. २ सप्टेंबर १८२४ ला जोराच्या वादळी पावसानंतर हावर्थच्या वरच्या क्रो हिलवरची दलदल फुटून चिखल-दगडांचा लोंढा खाली आला. एमिली, ॲन आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल तेव्हा माळावर फिरायला गेले होते. पॅट्रिकनी त्यावर पुढे प्रवचनही दिलं. एमिली त्या वेळी सहा वर्षांची होती. तिच्या पुस्तकातली जमीन कधीच नुसती पार्श्वभूमी नसते, यात आश्चर्य नाही.

कधी जावं

हेदरचा जांभळा रंग बघायचा असेल तर ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. गर्दीही तेव्हाच. मे-जून आमच्या मते सगळ्यात चांगले: दिवस मोठा, जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, कर्ल्यू पक्ष्याची लांब शीळ आणि टिटवीची ओरड दिवसभर चालू असते (तिथली टिटवी तुरेवाली, पण ओरडण्यातला कांगावा तसाच). जुलै-ऑगस्टमध्ये वाटेच्या कडेला बिलबेरी पिकते. करवंदाच्या चवीची आशा ठेवू नका, पण बोटं तशीच जांभळी होतात.

हिवाळ्यात जायला हरकत नाही, मात्र डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. तेव्हा उशिरात उशिरा एक वाजता टॉप विदन्सला पाठ फिरवायची, पोचला असाल किंवा नसाल. नुकताच बर्फ पडला असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने वाटेतल्या धबधब्यापर्यंत जाऊन परत यावं, कारण वरची वाट आणि तिच्या बाजूचे खड्डे दोन्ही झाकले जातात.

पोचायचं कसं

लंडनहून किंग्ज क्रॉस ते लीड्स दोन तासांच्या थोडं वर, लीड्सहून कीथली साधारण अर्धा तास. कीथलीत दोन पर्याय. एक म्हणजे बसस्थानकावरून हावर्थची बस. ही बहुतेकदा चांगली, कारण ती वर, गावाजवळ सोडते. चालकाला पार्सनेजजवळचा थांबा विचारायचा. दुसरा, वाफेच्या इंजिनाची गाडी. कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे ही जेमतेम पाच मैलांची लाइन १८६७ ची. १९६२ मध्ये ती बंद झाली आणि स्थानिक मंडळींनी १९६८ मध्ये पुन्हा सुरू केली. ती त्याच कीथली स्टेशनच्या तीन आणि चार नंबरच्या फलाटांवरून सुटते. मात्र ती हौसेची गाडी आहे, रोज धावेलच असं नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, आणि जाताना बस, येताना गाडी असं ठेवा. हावर्थ स्टेशन दरीच्या तळाशी आहे आणि गाव वर, त्यामुळे सकाळीच बट लेनचा चढ चढून दमण्यात अर्थ नाही. संध्याकाळी तोच रस्ता उताराचा होतो.

मँचेस्टरकडून येणाऱ्यांना हेब्डन ब्रिजपर्यंत ट्रेन आणि तिथून डोंगर ओलांडणारी बस सोयीची पडते. त्या बसचा रविवारचा तक्ता वेगळा असतो.

गाडीने आलात तर खासगी पार्किंगची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि पावती काचेवर दिसेल अशी ठेवा.

सोबत काय घ्यावं

सह्याद्रीत फिरलेल्यांचा इथे अंदाज चुकतो तो उलट्या बाजूने. टॉप विदन्सची उंची सुमारे ४२० मीटर. सिंहगडाच्या पायवाटेच्या निम्म्याहून कमी चढ. हे ऐकून लोक जीन्स आणि स्पोर्ट्स शूजवर निघतात. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही आणि वाऱ्यात पाय गारठतात. झटपट वाळणारी सिंथेटिक पँट घाला. पायात घोट्याच्या वर येणारे, खाचांच्या तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट. लोकरीचे मोजे दोन जोड, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला; तो भिजला तर आणला कशाला?

छत्री नको. पहिल्या झुळुकीला ती उलटी होते, आणि ती सावरताना पायाखालचं लक्ष जातं. टोपी असलेलं रेनकोटचं जॅकेट हवं, आणि खाली एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर. गावात ऊन असलं तरी हे सगळं पाठीवर पाहिजे. नोव्हेंबर १८५४ च्या अखेरीस शार्लट आणि तिचा नवरा याच वाटेने धबधबा बघायला गेले, बघत असतानाच पाऊस सुरू झाला, भिजत घरी आले आणि तिला सर्दीने गाठलं. पुढच्या ३१ मार्चला ती वारली. मृत्यूचं कारण म्हणून अभ्यासक वेगळ्याच गोष्टी सांगतात, पण त्या वाटेवरचा पाऊस अजून तसाच आहे.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २१, ‘साउथ पेनाइन्स’, प्रमाण १:२५,०००. फोनवर उतरवून घेतला तरी चालेल, पण ऑफलाइन घ्या. ओढ्याच्या घळीत सिग्नलचा भरवसा नाही. टॉप विदन्सचा ग्रिड संदर्भ एसडी ९८१ ३५३. शिट्टी, छोटा टॉर्च, माणशी एक लिटर पाणी. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, वरच्या अंगाला मेंढ्या असतात.

खायला जे गार झाल्यावरही चांगलं लागतं ते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिक्की यांना तोड नाही. थर्मासमध्ये चहा. हावर्थ सोडल्यावर वाटेत दुकान नाही, स्वच्छतागृहही नाही, तेव्हा ते काम गावातच उरकून निघायचं.

वेळेचं गणित

जाऊन-येऊन सुमारे सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर. चालण्याचा जुना हिशेब ताशी पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाला एक तास असा आहे. तो सराव असलेल्यांचा. इथे ताशी चार धरा: अकराला पावणेतीन तास, चढ-उतारांचा अर्धा तास, थांबण्याचा एक तास. सव्वाचार तास. साडेनऊला निघालात तर पावणेदोन-दोनला गावात. म्युझियम दुपारी ठेवा. सकाळी वारा खाऊन आल्यावर त्या घरातल्या खोल्यांचं लहानपण जितकं जाणवतं, तितकं आधी जाणवत नाही. फक्त शेवटच्या प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. जानेवारीत म्युझियम बंद असण्याची शक्यता गृहीत धरा.

वाट

चर्चच्या बाजूच्या फरसबंद गल्लीने निघायचं. एका हाताला जुनी शाळा दिसते, पॅट्रिकनी १८३२ मध्ये बांधून घेतलेली. शार्लटने तिथे शिकवलं. पुढे पार्सनेज. ते मागे टाकून गल्ली तशीच वर जाते, अरुंद होते आणि शेतांच्या मधून दगडी फरशांची पायवाट होते. दोन्ही बाजूंना गडगे, कोकणातल्यासारखेच, चुना-सिमेंट न लावता रचलेले. गडग्यावर चढू नका. एक दगड निसटला की वरचा हातभर भाग येतो, आणि मागे मेंढ्या मोकळ्या होतात.

पायवाट पेनिस्टन हिलकडे नेते. इथे दगडाच्या खाणी होत्या, त्यांचे खड्डे आता गवताने भरले आहेत. वाटांचं जाळं आहे, पण दिशा पश्चिमेची धरायची आणि ‘ब्राँटे वॉटरफॉल्स’ची पाटी शोधायची. एक घोटाळा इथेच मिटवून टाकू: ‘वुदरिंग हाइट्स’ कादंबरीत येणारा पेनिस्टन क्रॅग म्हणजे ही टेकडी नव्हे. तो बहुधा पश्चिमेकडचा पाँडन कर्क हा खडक. नाव सारखं दिसतं म्हणून लोक इथेच फोटो काढून समाधान मानतात.

टेकडी उतरून मोटाररस्ता ओलांडला की रुंद, खडीचा गाडीरस्ता लागतो. उजवीकडे खाली लोअर लेद जलाशय, त्याच्या पलीकडच्या कण्यावर स्टॅनबरी गाव. हा तुकडा सोपा आहे, गप्पा मारायच्या तर इथे. शेवटी वाट अरुंद होऊन घळीत उतरते. दगडांना पावसाळी शेवाळ असतं, पाऊल आडवं टाका.

खाली साउथ डीन बेक हा ओढा, त्यावर दगडी लादीचा पूल आणि डावीकडून उतरणारा धबधबा. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर त्याला धबधबा म्हणणं म्हणजे शिष्टाचार झाला, पाण्याची एक रेघ असते. दोन दिवस पाऊस झाल्यावर मात्र आवाज पुलाआधीच येतो. पूल आताचा आहे, जुना मे १९८९ च्या पुरात वाहून गेला. जवळच खुर्चीच्या आकाराचा दगड आहे, त्यावर बहिणी आळीपाळीने बसत असं सांगतात. इथल्या काही पाट्यांवर इंग्रजीखाली जपानी लिहिलेलं दिसेल. जपानी वाचक इतक्या संख्येने येतात.

पूल ओलांडून झुलत्या फाटकातून गेलात की लगेच दगडी पायऱ्यांचा उभा चढ. पूर्ण वाटेतला हाच खरा दम काढणारा तुकडा, पण पाच-सात मिनिटांचा. पाटी टॉप विदन्सची घ्यायची, स्टॅनबरीची नाही. चढ संपला की वाट ओढ्याच्या वरच्या अंगाने पश्चिमेकडे जाते, मैलभर. गडगे ओलांडायला पायऱ्या आहेत; ओल्या असतील तर उतरताना तोंड पायरीकडे करून उतरा. काही ठिकाणी पीटवर मोठ्या फरशा टाकल्या आहेत. पेनाइन वे या लांब पायवाटेवर अशा फरशा मैलोनमैल आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून काढून आणल्या. मुंबईचं गिरणगाव ज्याने पाहिलं आहे, त्याचं पाऊल त्यांच्यावर क्षणभर अडखळतं.

फरशी पाण्याखाली असली तरी फरशीवरूनच चाला. बूट वाचवायला बाजूने जाणारे दोन चुका करतात: स्वतः चिखलात रुततात आणि वाट दर वर्षी हातभर रुंद करतात.

समोर कण्याखाली दोन झाडं आणि एक चौकोनी ठिपका दिसायला लागतो. तेच.

वर पोचल्यावर

छप्पर नाही, भिंती छातीपासून डोक्यापर्यंतच्या, वरून पक्क्या केलेल्या. भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये लावलेली पाटी आहे, आणि साहित्यिक स्थळांवरच्या पाट्यांत इतकी प्रामाणिक पाटी क्वचित सापडेल. मथितार्थ असा: हे शेतघर ‘वुदरिंग हाइट्स’शी जोडलं जातं, ते पूर्ण उभं होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं नव्हतं, मात्र लिहिताना ही जागा एमिलीच्या मनात असू शकेल. वारंवार चौकशी होते म्हणून पाटी लावली, हेही तिथेच लिहिलंय.

म्हणजे इथे घर शोधायचं नाही. कादंबरीतल्या घराचं कोरीवकाम कदाचित हॅलिफॅक्सजवळच्या हाय संडरलंड हॉलवरून घेतलं असावं. एमिलीने १८३८ मध्ये त्याच भागात, लॉ हिलच्या शाळेत नोकरी केली होती. ते घर आता पाडलेलं आहे. इथे बघायची ती जागा. पहिलं प्रकरण फोनवर ठेवा आणि भिंतीच्या आडोशाला बसून घराच्या वर्णनाचा परिच्छेद वाचा: ‘वुदरिंग’ या प्रांतीय शब्दाचा अर्थ, एकाच दिशेला फांद्या पसरलेली काटेरी झुडपं, उन्हाची भीक मागितल्यासारखी. मग उठून भिंतीच्या कोपऱ्याबाहेर एक पाऊल टाका. आडोसा आणि उघडा वारा यांत एका पावलाचं अंतर आहे. कादंबरीतली माणसं दार का आपटतात, शेकोटीजवळच्या जागेसाठी का भांडतात, हे कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा त्या पावलात लवकर कळतं.

भिंतीवर चढू नका. डबा उघडलात की मेंढ्या जमा होतील. देऊ नका, एकीला दिलं की दशमी संपेपर्यंत सुटका नाही. चूल, बार्बेक्यू काहीही पेटवायचं नाही. पीटला लागलेली आग जमिनीखालून धुमसत राहते आणि वरून विझलेली दिसते. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याला आखूड, दोन मीटरच्या आतल्या पट्ट्याने धरणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.

परतीची वाट, आणि चुकतात कुठे

आल्या वाटेने परतण्यापेक्षा स्टॅनबरीकडून उतरा, पायाखाली जास्त घट्ट आहे. टॉप विदन्सहून पेनाइन वे ईशान्येला उतरते. वाट रुंद आहे, खालची पडकी शेतघरं दिसत राहतात.

पहिली चूक अगदी वरच होते, धुक्यात. पेनाइन वे दोन्ही दिशांना जाते, आणि दोन्हीकडे ओकच्या फळाचं तेच चिन्ह असतं. दक्षिणेला वळलात तर वॉल्शॉ डीनच्या जलाशयांवर जाऊन निघाल, हावर्थपासून आणखी लांब. तेव्हा निघण्याआधी होकायंत्र बघा. ईशान्य, आणि उतार. वाट चढायला लागली तर थांबा.

दुसरी चूक खाली, अपर हाइट्स या शेतघराच्या पुढे. तिथे पेनाइन वे डावीकडे वळून पाँडन जलाशयाकडे उतरते. ओकफळाच्या मागे मागे गेलेले लोक पाँडनला पोचतात आणि वर्दळीच्या रस्त्याने परत येतात. तुम्ही ते चिन्ह सोडून सरळ गाडीरस्त्याने स्टॅनबरी गाठा. पाँडनला मुद्दाम जायचं तर गोष्ट वेगळी: पाँडन हॉलच्या दारावरच्या दगडावर १८०१ हे साल आहे, आणि कादंबरीचा पहिला शब्दही तोच. पण ते खासगी घर आहे, रस्त्यावरून बघायचं.

स्टॅनबरीत पब आहेत, तिथे गरम काही मिळू शकतं. गाव ओलांडून उजवीकडे उतरणाऱ्या रस्त्याने लोअर लेदच्या धरणावरून पलीकडे जायचं आणि चढून पुन्हा पेनिस्टन हिलच्या पायथ्याशी यायचं. शेवटचा चढ छोटा आहे, पण सगळ्यांची कुरकूर इथेच सुरू होते. चिक्कीचा एक तुकडा यासाठी राखून ठेवा.

धुक्यात वाट हरवलीच तर ओढ्याच्या मागे खाली जाण्याचा मोह आवरा, घळीच्या कडा घसरड्या असतात. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. खरी अडचण असेल तर ९९९ ला फोन, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर शिट्टी: मिनिटभरात सहा, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

दुपारी : चर्च, कबरस्तान, म्युझियम

आताचं चर्च ब्राँटेंचं नाही. ते १८७९ मध्ये पाडून नवं बांधलं, जुना फक्त मनोरा. कुटुंबाची कबर आत, जमिनीखाली; ॲन तेवढी इथे नाही, ती स्कारबरोला समुद्राकाठी आहे.

बाहेरचं कबरस्तान मात्र नीट बघा. आडव्या शिळा एकमेकींना खेटून आहेत, जणू अंगणच फरसबंद केलंय. १८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज यांनी गावाच्या आरोग्याची सरकारी पाहणी केली तेव्हा त्यांनी याच शिळांवर बोट ठेवलं: हवा आणि झाडांची मुळं आत जात नाहीत, म्हणून मृतदेह लवकर कुजत नाहीत. उतारावरच्या गावात हे कबरस्तान सगळ्यात वर आणि पाणी खाली. त्यांच्या अहवालात सरासरी मृत्यूचं वय २५.८ वर्षं आणि सहा वर्षांच्या आत दगावणारी मुलं ४१.६ टक्के असे आकडे आहेत. आज सावली देणारी उंच झाडं त्यानंतर, १८६४ मध्ये लावली.

पार्सनेज १७७० च्या दशकातलं. समोरून बघताना उजवीकडे पुढे आलेला भाग ब्राँटेंनंतरचा, तो बोटाने झाका म्हणजे त्यांचं घर दिसेल. १९२८ पासून इथे ब्राँटे सोसायटीचं म्युझियम आहे. घाई असेल तर दोनच गोष्टींपाशी थांबा. एक, जेवणाच्या खोलीतलं टेबल. रात्री तिघी बहिणी याच्याभोवती फेऱ्या मारत आपापलं लेखन एकमेकींना वाचून दाखवत. दोघी गेल्यावर शार्लट एकटीच फिरत राहायची, आणि स्वयंपाकघरात मोलकरणीला तिची पावलं ऐकू यायची. दुसरी, मुलांनी केलेली पुस्तकं. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले, आणि मुलांनी त्या शिपायांना वाचता येतील अशा मापाची मासिकं काढली. एकाचं माप अवघं ३५ बाय ६१ मिलिमीटर, म्हणजे आगपेटीएवढं. अक्षर छापल्यासारखं. वाचायला भिंग लागतं. चाळिशीचा चष्मा विसरू नका.

आई-बाबा भारतातून आले असतील तर

पूर्ण वाट त्यांना देऊ नका. पेनिस्टन हिलवर गाडी लावून खडीच्या रस्त्याने धबधब्याच्या दिशेने जा, घळीत उतरण्याआधी थांबा. रस्ता जवळपास सपाट आहे, माळ पूर्ण दिसतो, आणि गुडघे दुखायला लागले तर कुठूनही परत फिरता येतं. मेन स्ट्रीटची फरसबंदी घोड्यांच्या टापांना पकड मिळावी म्हणून घातलेली आहे, चपलांना नाही. उतरताना कठड्याच्या बाजूने चालवा, आणि शक्यतो वरून खाली असाच बेत ठेवा. त्यांना कानटोपी द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

घरी आल्यावर

पीट वाळला की शिवणीत घट्ट बसतो, म्हणून बूट त्याच रात्री गार पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हीटरपासून लांब ठेवा. उष्णतेने तळवा सुटतो. नेच्यांच्या झुडपातून गेला असाल तर गोचीड बघा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, मुलांच्या केसांच्या कडेला. ती तिळाएवढी असते. सापडली तर तेल, काडी, नखं काही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी चिकटून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा, जागा धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल चट्टा पसरला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा की यॉर्कशरच्या माळावर गोचीड चावली होती.